जलदानानंतरचे कागद : वारसा, प्रोबेट आणि बहिणीचा वाटा

घरातला माणूस गेला की आपल्या वस्तीत काय करायचे हे सगळ्यांना माहीत असते. बौद्धाचार्यांना निरोप जातो, त्रिसरण-पंचशील होते, ठरलेल्या दिवशी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. मंडप, जेवण, विहाराला दान ही कामे तरुण मुले न सांगता वाटून घेतात. पण त्यानंतरचे काम कोणाचे, हे कुठेच ठरलेले नसते. गेलेल्या माणसाच्या नावावर घर असते, गावाकडे एक-दोन एकरांत हिस्सा असतो, बँकेत थोडे पैसे, भविष्य निर्वाह निधी, एखादी विमा पॉलिसी असते. त्याचे काय करायचे हा प्रश्न 'बघू नंतर' म्हणून बाजूला पडतो. हे 'नंतर' कधी कधी वीस वर्षांनी उजाडते. जमिनीतून रस्ता जातो, चाळीचा पुनर्विकास येतो किंवा एखाद्या भावाला घर विकायचे असते तेव्हा सगळे कागद शोधायला लागतात.

वस्त्यांमध्ये काम करताना आमच्यासमोर येणाऱ्या प्रकरणांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, कोणता कागद कशासाठी लागतो याचा गोंधळ. वारस नोंद, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट, नॉमिनी हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. दुसरी, या गोंधळात सर्वांत आधी ज्यांचे नाव गळते त्या घरातल्या बायका असतात: विधवा सून, लग्न होऊन गेलेली बहीण, म्हातारी आई. म्हणून हा लेख कायद्याची माहिती देण्यासाठी आहे, आणि ती माहिती कोणाच्या बाजूने वापरायची हे सांगण्यासाठीही आहे.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो?

बौद्धांसाठी वारशाचा वेगळा कायदा नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या कलम २ मध्ये हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांना लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. कायद्याच्या नावात 'हिंदू' हा शब्द आहे म्हणून अनेक तरुणांना ते खटकते, आणि वेगळ्या बौद्ध व्यक्तिगत कायद्याची मागणी समाजात होत आली आहे. ती चर्चा जरूर व्हावी. पण आज न्यायालयात आणि तलाठी कार्यालयात चालतो तो हाच कायदा.

याच ठिकाणी एक अफवा मोडून काढली पाहिजे. 'तुमच्या बापाने धर्म बदलला, आता आजोबांच्या जमिनीत तुमचा वाटा नाही' असे काही गावांत सांगितले जाते. हे खोटे आहे. या कायद्यात जिथे 'हिंदू' असा शब्द येतो, तिथे हा कायदा ज्यांना लागू आहे अशा सर्वांचा समावेश धरायचा, असे कलम २ मध्येच म्हटले आहे. त्यामुळे कुटुंबातले काही जण हिंदू राहिले आणि काहींनी धम्मदीक्षा घेतली, तरी वारसाहक्कात फरक पडत नाही.

या कायद्याशी आपले नाते जुने आहे. हिंदू कोड बिलाच्या मूळ मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला. ते बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते. मुलीच्या वाट्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, हे जयंतीच्या भाषणात आपण अभिमानाने सांगतो. आपल्या घरातली वाटणी करताना ते आठवते का, हा खरा प्रश्न आहे.

कोणाला किती?

पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वतःची मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांना एकाच वेळी जाते. यात मुलगे, मुली, पत्नी आणि आई येतात. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा हेही येतात. वडील या वर्गात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात आहेत. भाऊ-बहिणींचा नंबर पहिल्या वर्गात कोणीही नसेल तेव्हाच लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थाच्या मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. दुसरा मुलगा आधीच वारला असून त्याची विधवा आणि दोन मुले आहेत. मालमत्तेचे पाच समान भाग होतील: पत्नी, आई, मुलगा, मुलगी आणि वारलेल्या मुलाची शाखा. त्या शाखेच्या पाचव्या भागाचे पुन्हा तीन समान भाग, म्हणजे सून आणि दोन नातवंडे यांना प्रत्येकी पंधरावा भाग. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, तिच्या लग्नात किती खर्च केला, याचा या हिशोबाशी काहीही संबंध नाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मतःच मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर बराच वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो संपवला: वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या या दुरुस्तीने उघडता येत नाहीत.

आणखी तीन गोष्टी, ज्यांवर नेहमी चुकीचे सल्ले दिले जातात. पतीच्या निधनानंतर विधवेने पुनर्विवाह केला तरी पतीकडून मिळालेला वाटा तिच्याकडून काढून घेता येत नाही. पहिले लग्न कायम असताना झालेले दुसरे लग्न कायद्याने वैध नसले, तरी त्या संबंधातील मुलांना आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे. आणि वारलेल्या माणसाचे कर्ज वारसांच्या स्वतःच्या खिशातून वसूल होत नाही, वारशाने जेवढे मिळाले तेवढ्यापुरतीच जबाबदारी असते. म्हणून वसुलीवाला दारात आला की घाबरून सही करू नका.

बाईच्या मालमत्तेचा नियम वेगळा आहे आणि तो आपल्या नोकरदार भगिनींनी नीट समजून घ्यावा. विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची मालमत्ता आधी मुले आणि पती यांना जाते. दोघेही नसतील तर ती पतीच्या वारसांना जाते. तिचे स्वतःचे आई-वडील त्यानंतर येतात. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेले घरही याच क्रमाने जाते. अपवाद एवढाच की मूलबाळ नसेल तर आई-वडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणून विधवा, परित्यक्ता, अपत्य नसलेल्या आणि ज्यांच्या कमाईवर म्हातारे आई-बाप जगतात अशा स्त्रियांनी मृत्युपत्र करणे फार गरजेचे आहे.

मृत्युपत्र आणि प्रोबेट

मृत्युपत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले बरे. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्याची सही किंवा अंगठा असावा आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्ष द्यावी. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नये, कारण पुढे संशय तिथूनच सुरू होतो. माणूस स्वतःच्या कमाईची सगळी मालमत्ता आणि एकत्र मालमत्तेतील स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतो. भावाचा किंवा मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा नाही.

प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरे आणि शेवटचे आहे' असे न्यायालयाने तपासून दिलेले प्रमाणपत्र. मृत्युपत्रात ज्याला अंमलबजावणी करणारा म्हणजे व्यवस्थापक नेमले असेल त्याला प्रोबेट मिळते. कोणालाच नेमले नसेल तर न्यायालय मृत्युपत्रासह प्रशासनपत्र देते. मालमत्ता मुळात वारलेल्या माणसाची होती की नाही, हे प्रोबेटमध्ये ठरत नाही. त्यासाठी वेगळा दावा लागतो.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ५७ आणि २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाख्यांच्या शहरांत हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. नागपूर, औरंगाबाद, पुणे, कोल्हापूर इथल्या मालमत्तेला ही सक्ती नव्हती. म्हणजे कायदा एकच, पण वरळीच्या खोलीला एक नियम आणि कामठीच्या घराला दुसरा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने कलम २१३ वगळले आणि ही सक्ती संपवली. ज्यांचे प्रकरण त्याआधीच न्यायालयात गेले आहे त्यांनी आपल्या वकिलाशी बोलूनच पुढचे पाऊल टाकावे.

सक्ती गेली म्हणजे प्रोबेट निरुपयोगी झाले असे नाही. वारसांपैकी कोणी मृत्युपत्रावर संशय घेत असेल किंवा मोठी मालमत्ता पुढे विकायची असेल, तर प्रोबेट घेतलेले फायद्याचे ठरते. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, मालमत्तेची यादी आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागते. न्यायालय सर्व जवळच्या वारसांना नोटीस काढते आणि जाहीर सूचनाही देते. कोणी हरकत घेतली की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग वर्षे लागू शकतात.

नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, हे आम्ही विशेषतः बहिणींना सांगतो. 'कोर्टाचा कागद आलाय, भाऊ बघून घेईल' असे म्हणून नोटीस भावाच्याच हातात दिली जाते आणि मुदत निघून जाते. आजारपणात, दवाखान्यात, एकाच मुलाच्या घरी राहत असताना मृत्युपत्र झाले असेल आणि बाकीच्यांना कारण न देता वगळले असेल, तर अशा संशयास्पद गोष्टींचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. तुम्ही हरकत नोंदवली तरच न्यायालय ते तपासेल.

मृत्युपत्र नसेल तर कोणता कागद?

बहुतेक घरांत मृत्युपत्र नसतेच. तेव्हा तीन वेगवेगळे कागद लक्षात ठेवा.

१. वारस नोंद : शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे चढवणे. हे काम महसूल किंवा भूमी अभिलेख कार्यालयाचे. न्यायालयात जावे लागत नाही.

२. वारस दाखला : महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय मुंबई विनियम ८, सन १८२७ या जवळजवळ दोनशे वर्षे जुन्या नियमाखाली तो देते. अमुक व्यक्ती मयताची कायदेशीर वारस आहे, एवढे तो सांगतो. घर, सोसायटी, कार्यालयीन कामांसाठी तो मागितला जातो.

३. उत्तराधिकार प्रमाणपत्र : १९२५ च्या कायद्याखालील, बँकेतील ठेवी, शेअर, येणे रक्कम अशा गोष्टींसाठी. जमीन आणि घर यासाठी हे प्रमाणपत्र नाही.

दोन्ही न्यायालयीन अर्जांत सर्व वारसांची नावे द्यावी लागतात. अर्जात एखाद्या बहिणीचे नाव गाळणे म्हणजे न्यायालयाची फसवणूक, आणि असा दाखला पुढे रद्द होऊ शकतो.

खर्चाची भीती असेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला इथे कामाला येतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'पप्पांनी मला नॉमिनी केलंय, पैसे माझे' हे वाक्य भावंडांत कायमची फूट पाडते. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो आणि त्याने ते वारसांना द्यायचे असतात. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितले. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य असतो, असे राज्याच्या सहकार कायद्यातील कलम १५४ब-१३ सांगते. आयुर्विम्यात मात्र फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रकमेचा लाभ त्यांचाच धरला जातो.

बँकेत नॉमिनी नसेल आणि वारसांत वाद नसेल, तर दर वेळी न्यायालयात जावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे व्यापारी बँकांत किमान १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंत, सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा आहे. कुठल्या बँकेत खाते होते हेच माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर दहा वर्षे पडून असलेल्या ठेवी शोधता येतात. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी आई किंवा भावाचे नाव दिले असेल तर लग्नानंतर नवे नामनिर्देशन करा. कंपनीत, सफाई खात्यात, रेल्वेत असलेल्या आपल्या तरुणांनी हे आज तपासावे.

गावाकडची जमीन

वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण साक्षीदार आणि कागद मात्र हरवतात. अर्ज 'ई-हक्क' प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. मृत्यू दाखला, सर्व वारसांच्या नावांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ आणि ओळखपत्रे जोडायची. वारस नोंदवहीत तपशील येतो, मग फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि १५ दिवसांच्या मुदतीनंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. याच मुदतीत हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. निर्णय विरोधात गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

सातबारा बघताना दोन जागा नीट वाचा. 'ए.कु.मॅ.' असे लिहून फक्त थोरल्या भावाचे नाव लावलेले असेल, तर तो एकटा मालक नाही, एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून त्याचे नाव आहे. आणि आई-बहिणींची नावे कब्जेदार सदरात न घेता 'इतर हक्कात' ढकललेली आहेत का, हेही बघा. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, तो मुख्यतः सारा वसुलीसाठीचा अभिलेख आहे. तरीही विक्री, पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला हे सगळे त्याच नोंदीवर चालते. गावठाणातल्या घराची ग्रामपंचायतीतली नमुना ८ ची नोंदही कर आकारणीची आहे, तिला मालकीचा पुरावा समजू नका.

आपल्या अनेक कुटुंबांच्या जमिनी महार वतनाच्या, म्हणजे इनाम वर्ग ६-ब च्या आहेत. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि ठरावीक रक्कम भरून जमिनी वतनदारांना परत देण्यात आल्या. या जमिनी विकायला किंवा प्रत्यक्ष मोजून वाटायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. वारसांची नावे लावायला मात्र परवानगी लागत नाही. तलाठी 'वतनाची आहे, नाव लागणार नाही' म्हणत असेल तर लेखी उत्तर मागा.

वतनाच्या नोंदी आजोबा-पणजोबांच्या नावावर तशाच राहिल्या की शेकडो वारस तयार होतात. त्यातले निम्मे शहरात असतात आणि एखादा दलाल घरोघर जाऊन थोड्या पैशांत कुलमुखत्यारपत्रावर सह्या गोळा करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढव्याच्या महार वतन जमिनीचे प्रकरण राज्यभर गाजले. अशा जमिनींवर किती जणांचा डोळा असतो, हे त्यामुळे सगळ्यांनी पाहिले. ज्या जमिनीवर वारसांची नावे आहेत आणि ज्यांना आपला हिस्सा माहीत आहे, त्यांना फसवणे कठीण असते.

आणखी एक अडचण आपल्याकडे जास्त आहे: नावांची. जुन्या नोंदीत 'बिन' लावून बापाचे नाव, आडनाव नाही किंवा जातीचा उल्लेख. पुढच्या पिढीने गावावरून किंवा नवे आडनाव घेतले, राजपत्रात बदल केला. मग आजोबा आणि नातू एकाच घरातले, हेच सिद्ध करावे लागते. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, जुना शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, राजपत्राची प्रत यांची साखळी जोडावी लागते. जातपडताळणीसाठी जमवलेले कागद इथेही उपयोगी पडतात, ते फेकू नका. विवाहाचेही तसेच. बौद्ध पद्धतीने लग्न झाले, फोटो आहेत, पण नोंदणी नाही, आणि पतीच्या निधनानंतर सासरचे 'ही बायकोच नव्हती' म्हणायला कमी करत नाहीत. विवाह नोंदणी त्याच महिन्यात करून घ्या.

हक्कसोड : आपली परीक्षा

आता सर्वांत अवघड मुद्दा. वारस नोंद झाली की पुढच्या महिन्यात बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते आणि भावाच्या नावे हक्कसोडपत्र होते. बदल्यात साडी, फार तर थोडी रक्कम. 'माहेर हवंय ना?' हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांना ऐकू येतो. आपल्या समाजात हे कमी आहे असे म्हणायला आम्हाला आधार सापडलेला नाही.

कायदा काय सांगतो? स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. नोटरीकडच्या स्टॅम्प पेपरवर किंवा तलाठ्यासमोरच्या 'माझी हरकत नाही' या जबाबावर हक्क जात नाही. वडील हयात असताना त्यांच्या मालमत्तेबाबत मुलीकडून लिहून घेतलेल्या कागदाला सर्वसाधारणपणे किंमत नाही, कारण तेव्हा तिचा वारसाहक्क सुरूच झालेला नसतो. अज्ञान मुलाचा हिस्सा तर आईलाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता येत नाही. मात्र एकदा नोंदणीकृत हक्कसोड झाले की ते फिरवणे फार कठीण असते, फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो.

भावांची बाजूही ऐकली पाहिजे. कित्येकदा आई-वडिलांचे आजारपण एका भावानेच काढलेले असते, घराचे हप्ते त्यानेच भरलेले असतात, दीड एकराचे पाच तुकडे केले तर कोणाचेच पोट भरत नाही. हे खोटे नाही. पण त्याचे उत्तर बहिणीचे नाव पुसणे हे नाही. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे जमिनीचे तुकडे झाले असा अर्थ होत नाही. नावे सगळ्यांची ठेवून जमीन एकाने कसावी, पिकाचा ठरावीक भाग इतरांना द्यावा, असा लेखी समझोता होऊ शकतो. एखाद्याने दवाखान्याचा खर्च केला असेल तर तो आकड्यात मांडून हिशोबात धरता येतो. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. तिला मालमत्तेची आजची किंमत आणि आपला हिस्सा आधी कळू द्या, दुखवट्याचे दिवस जाऊ द्या, आणि मोबदला ठरला असेल तर तो दस्तात लिहा.

विहारात काय करता येईल?

तरुण मंडळांना आणि महिला मंडळांना आमची सूचना साधी आहे. जलदान विधीच्या कार्यक्रमाला जसे कोणी मंडपाची जबाबदारी घेतो, तसे दोघांनी कागदांची घ्यावी, त्यात एक स्त्री असावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली का, दाखल्यावरचे नाव आधार आणि सातबाऱ्याशी जुळते का, दाखल्याच्या पुरेशा प्रती घेतल्या का, हे पाहावे. सर्व वारसांची यादी एका कागदावर लिहून ती घरातल्या प्रत्येकाला, सुना-मुलींना सुद्धा, वाचून दाखवावी. त्या काळात कोणाचीही कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नये. तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज जावा. झोपडपट्टी पुनर्वसनाची पात्रता यादी, म्हणजे परिशिष्ट-२, तयार होत असेल तर मयताच्या वारसांनी आपले कागद वेळेत दाखल करावेत.

वर्षातून एकदा, वर्षावासाच्या काळात, विहारात एक रविवार यासाठी ठेवता येईल. विधी सेवा प्राधिकरणाला पत्र दिले की वकील येतात. त्या दिवशी ज्येष्ठांनी मृत्युपत्र करावे, नोकरदारांनी नॉमिनी तपासावा, गावाकडचे सातबारे मोबाइलवर उघडून वाचावेत. वाटणीत मुलीचे नाव आहे की नाही, हे उपासकांनी तिथेच एकमेकांना विचारावे. असा प्रश्न विचारायला वकिलाची पदवी लागत नाही. तो भावाला विचारायचा असतो, म्हणून धीर मात्र लागतो.

जय भीम!